अमेरिकेचा फोन, चाळीसगावचं सिम

मामेभावाने अमेरिकेहून अनलॉक (कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा) फोन आणून दिला. चाळीसगावात प्रीपेड सिम घातलं. कॉल लागायचे, नेट मात्र ढिम्म. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हँडसेटच गेलेला दिसतो." कसला गेलेला! सेटिंग, मोबाइल नेटवर्क, मग अ‍ॅक्सेस पॉइंट नेम (एपीएन, म्हणजे नेटसाठी सिम कंपनीने दिलेलं नाव) उघडलं, तर तिथे तिकडच्याच कंपनीचं नाव ठाण मांडून बसलेलं. नवीन एपीएन भरलं. जिओला 'जिओनेट', एअरटेलला 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'; इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. सेव्ह केल्यावर ते निवडावंही लागतं (इथेच बरेच जण अडकतात), मग फोन बंद-चालू. वर फोर-जी उमटलं, व्हॉट्सअ‍ॅप धडाधड वाजायला लागलं. जुना फोन घेणाऱ्यांनी एक बघावं: काही अमेरिकी मॉडेलांत आपल्याकडचा २३०० मेगाहर्ट्‌झचा बँड ४० (फोर-जीच्या लहरींचा एक पट्टा) नसतो. त्यावर सेटिंगचा इलाज चालत नाही.