मातानी पछेडी रंगवताना या चुका टाळा

पछेडी म्हणजे मातेच्या पाठीमागे टांगायचं कापड. अहमदाबादच्या देवीपूजक समाजाला देवळात मज्जाव होता, म्हणून त्यांनी कापडावरच देऊळ उभं केलं. मध्ये माता, भोवती भुवा, म्हणजे मातेचा पुजारी, आणि भक्त. काळा रंग वाईट शक्तींना अडवतो, पांढरा पितरांचा नि दैवतांचा, अशी समजूत. म्हणजे कोरी राखलेली जागा इथे रिकामी नसते, आणि नवशिके नेमकी तीच नासवतात.

सगळ्यात जास्त कापडं धुण्यात मरतात. लाल रंग कलमाने भरत नाहीत. कलमाने भरायची ती तुरटी, चिंचोक्याच्या खळीत मिसळलेली. ती जवळजवळ दिसतच नाही, म्हणून हात कुठे फिरला ते कळायला चिमूटभर गेरू घालावा. तुरटी कापडाला धरायला निदान दोन-तीन दिवस द्या. मग धुणं, आणि ते वाहत्या पाण्यातच. चितारे साबरमतीवर जात ते काही पुण्य मिळवायला नव्हे. न धरलेली तुरटी सुटते, ती वाहून गेली पाहिजे.

एका कार्यशाळेत दोन दिवस खपून काढलेली मेलडी माता टबात भिजत घातली, वर चहा होईपर्यंत तशीच ठेवली. बाहेर काढली तेव्हा कापड स्वच्छ दिसत होतं, सगळे खूश. सुटलेली तुरटी टबातल्या पाण्यातून कोऱ्या जागेवर जाऊन बसली होती. अलिझरिनच्या, म्हणजे तुरटीवर लाल चढवणाऱ्या रंगाच्या, उकळीत पार्श्वभूमी, बोकड, माता, सगळं एकाच गुलाबीत बुडालं. यावर उपाय नाही. उन्हात पाणी शिंपडून पांढरं होईल म्हणतात. होतं, पण वरवर चढलेला रंग जातो, तुरटीने धरलेला नाही. नदी नसेल तर नळाखाली कापड उभं धरा, खळीचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. घडी घालून ठेवायची नाही.

काळ्याची घाई हा दुसरा रोग. 1 किलो गंजलं लोखंड, 200 ग्रॅम गूळ, 2 लिटर पाणी, मातीच्या मडक्यात 15 दिवस, थंडीत जास्त. पाचव्या दिवशी वास आला की काही जण झाकण काढून मोकळे होतात. आधी हिरडा लावलेल्या चिंधीवर थेंब टाका. बघता बघता गडद काळा झाला तर तयार, राखाडी राहिला तर झाकण परत लावा. घट्टपणा चिंचोक्याच्या पिठाने आणायचा. बाजारातली हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, ढीगभर ओतून काळं आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, जास्त लोखंड सूत खातं: काही वर्षांनी बाह्यरेषेवरच कापड फाटतं आणि माता चौकटीतून गळून पडते.

हिरड्याबद्दल थोडक्यात. आधी मादरपाटाची खळ सोड्यात उकळून पूर्ण काढा, नाहीतर पुढचं सगळं फुकट. 1 किलो कापडाला साधारण 200 ग्रॅम पूड. भिजवा, पिळा, सपाट पसरून वाळवा, धुऊ नका. उन्हाकडची बाजू जास्त पिवळी होते, चित्र तिच्यावरच काढायचं.

अलिझरिनमध्ये उकळताना तांब्याचं भांडं घ्या, लोखंडी कढईत लाल मळतो. कापड कोमट पाण्यात सोडा, आच हळूहळू वाढवा, काठी थांबवू नका. डाग पडू नयेत म्हणून धायटीची फुलं लागतातच, ‘नाही मिळाली’ ही सबब चालत नाही. इथेच तुरटीतून लाल उमलतो आणि तोवर न दिसणारी माता दिसू लागते. दर मिनिटाला कापड उचलून बघणाऱ्याच्या हाती धब्बे येतात.

वाहनं तपासून मगच कलम धरा. बहुचराचा कोंबडा, मेलडीचा काळा बोकड, खोडियारची मगर, हडकाईचा कुत्रा. छान दिसतो म्हणून सगळीकडे वाघ काढलात तर ती पछेडी कोणत्या मातेच्या मागे टांगायची?