चर खणण्याआधी उताराचा नकाशा: मे महिन्यातला पाणलोट सल्ला

मे महिन्यात ओघळी कोरड्या असतात, गवत वाळलेलं असतं, चढउतार नजरेला उघडा पडतो. पाणलोटाची कामं आखायची ती आत्ताच, आधी संगणकावर आणि मग पायी.

इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट-१ या उपग्रहाची, ३० मीटर बाजूच्या चौकटींत मांडलेली, जमिनीच्या उंचीची माहिती मोफत मिळते. ती उघडायला लागणारी नकाशाची संगणक प्रणाली क्यूजीआयएसही मोफत आहे. पहिलं काम प्रक्षेपण बदलण्याचं, म्हणजे अंशांतली फाइल मीटरच्या मोजणीत (यूटीएम पट्ट्यात) आणण्याचं: ७८ रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम ४३ उत्तर, नागपूर-चंद्रपूरकडे ४४ उत्तर. फाइल अंशांतच ठेवली तर साधी टेकडीसुद्धा उभा कडा दिसते. मग खोटे खड्डे, म्हणजे माहितीतल्या चुकीमुळे दिसणारे खोलगट भाग, भरा, पाण्याची दिशा काढा, वरून किती चौकटींचं पाणी येतं ते मोजा. एक चौकट ९०० चौरस मीटरची, म्हणजे १०० चौकटी झाल्या की ९ हेक्टर. खड्डे भरताना गावतळं आणि दगडखाणही बुजते, म्हणून त्यांची खूण आधीच करून ठेवा.

डोंगरउतारावर हा नकाशा चांगला चालतो. सपाट काळ्या रानात मात्र त्यातल्या ओघळींवर विसंबू नका; उंचीत काही मीटरची चूक असते आणि शेताचे बांध त्यात दिसतच नाहीत. चराची रेषा जागेवर हायड्रोमार्करनेच, म्हणजे पाण्याच्या नळीने समपातळी दाखवणाऱ्या साधनानेच आखा.

काम माथ्यापासून सुरू करा. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा एका पातळीत खणलेला चर, ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल घेतला तर मीटरला १८० लिटर पाणी मावतं. ओळींत ५ मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी २,००० मीटर चर होतो आणि ३.६ लाख लिटर, म्हणजे ३६ मिमी वाहतं पाणी अडतं. तळ एका पातळीत नसेल तर पाणी सखल टोकाला धावतं, तिथला भराव फोडतं आणि खालचे चरही एकामागून एक फुटतात. माती खालच्या अंगाला, काठापासून वीतभर जागा सोडून टाका.

माती नाला बांध तळाचा उतार ३ टक्क्यांच्या आत असेल तिथेच घ्या. त्याहून तीव्र ओघळीत अनघड (न घडवलेल्या) दगडांचे बांध बरे. सांडवा, म्हणजे बांधातलं जादा पाणी बाहेर काढणारी वाट, अंदाजाने ठरवू नका. अपधाव गुणांक (पावसाचा किती भाग वाहून जातो ते), तासाचा पाऊस मिमीत आणि क्षेत्र हेक्टरात यांचा गुणाकार करून ३६० ने भागा. ०.४, ६० मिमी आणि २० हेक्टर धरले तर सेकंदाला सुमारे १.३ घनमीटर पाणी येतं. सांडवा तेवढं वाहून नेणारा नसेल तर पाणी बांधावरून जातं आणि मातीचा बांध टिकत नाही.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस ओसरला की नकाशा हातात घेऊन शिवार फिरा. पाणी नकाशातली वाट सोडून वळलेलं दिसलं तर आधी रस्त्याची मोरी आणि फुटका बांध तपासा, आणि पुढचा पाऊस यायच्या आत तेवढी दुरुस्ती उरका.