डी उशिरा पिकतो: तोवर या चुका टाळा

कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या आमच्या आइस हॉकीच्या रिंकवर शनिवारी सकाळी सव्वासहाला थर्मास घेऊन कुडकुडत बसणाऱ्या आईबापांत आता दोन-चार मराठी घरंही दिसतात. मुलगा फॉरवर्ड असेल तर परतीच्या गाडीतल्या गप्पा सोप्या असतात. किती गोल केलेस, कुणी पास दिला, संपलं. मुलगा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू असेल (इथे सगळे नुसतं ‘डी’ म्हणतात) तर काय विचारायचं तेच सुचत नाही. मग आपण काहीतरी चुकीचं विचारतो. मी दोन वर्षं विचारलंय. आणि तीच सवय टीव्हीसमोरही सुटत नाही. विशीतला एखादा डी एकदा घसरून पडला, गोल झाला, की सोफ्यावरून निकाल जाहीर: “हा काही वर टिकत नाही.”

हा निकाल घाईत का लागतो आणि नेमकं कुठे चुकतं, ते बघू.

ड्राफ्टला बोर्डाचा निकाल समजणं

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली सर्वांत वरची हॉकी लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिचे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तो दिवस. २०१२ चा ड्राफ्ट पिट्सबर्गला झाला. पहिल्या दहा नावांत आठ डिफेन्समन होते. चौथ्या क्रमांकावर न्यूयॉर्क आयलँडर्सनी ग्रिफिन राइनहार्टला उचललं. उंचापुरा, शांत डोक्याचा मुलगा. दोनच वर्षांनी एडमंटन ऑइल किंग्सबरोबर त्याने मेमोरियल कपही जिंकला, म्हणजे कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतला सर्वांत मोठा मान. २०१५ मध्ये एडमंटन ऑइलर्सनी त्याच्यासाठी आयलँडर्सना १६ वा आणि ३३ वा असे दोन पिक (ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या) मोजले. त्या १६ व्या पिकवर आयलँडर्सनी मॅथ्यू बार्झल घेतला. आणि राइनहार्ट? एनएचएलमध्ये एकूण ३७ सामने.

त्याच ड्राफ्टमध्ये ८६ व्या क्रमांकावर कोल्टन परायको होता आणि १२० व्या क्रमांकावर जेकब स्लेव्हिन. परायको अलास्का-फेअरबँक्सच्या विद्यापीठात खेळत राहिला, स्लेव्हिन कोलोराडो कॉलेजात. दोघंही एनएचएलच्या बर्फावर उतरले ते थेट २०१५ च्या शेवटच्या महिन्यांत, एक बाविशीत, दुसरा एकविशीत. परायकोने २०१९ मध्ये सेंट लुइसबरोबर स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, उचलला. स्लेव्हिन आजही कॅरोलिनाच्या बचावाचा कणा आहे.

ड्राफ्ट म्हणजे निव्वळ जुगार असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच वर्षी पाचवा आलेला मॉर्गन रायली आणि सहावा आलेला हॅम्पस लिंडहोम दोघंही उत्तम निघाले. मुद्दा इतकाच, की अठराव्या वर्षी उंची दिसते, स्केटिंग दिसतं, फटका दिसतो. पाठीमागे कोण येतंय हे न बघता ओळखण्याची अक्कल तेव्हा अजून यायची असते. डीचं पोट त्याच अकलेवर चालतं.

पॉइंट्स मोजत बसणं

ज्युनियरमध्ये सत्तर पॉइंट्स (स्वतःचे गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून) काढणारा डी वरच्या लीगमध्ये गेला की पंधरावर येतो आणि लोक म्हणतात, पोरगा खचला. आधी एक गोष्ट तपासा: त्याला पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर बसलेला असताना) पाठवतात का? हल्ली बहुतेक संघ पॉवर प्लेवर चार फॉरवर्ड आणि एकच डी ठेवतात. त्या एका जागेवर तिचा जुना मालक, म्हणजे संघातला अनुभवी डी, ठाण मांडून बसलेला असतो. नव्या पोराच्या वाट्याला उरते ती पेनल्टी किलची मजुरी, म्हणजे आपलाच माणूस पेनल्टीमुळे बाहेर असताना गोल वाचवत राहणं. हा घसरलेला नसतो, त्याचं काम बदललेलं असतं.

उलट बाजूने स्लेव्हिनकडेच बघा. पॉइंट्सच्या यादीत तो वर कधीच नसतो. पण २०२०–२१ च्या छोट्या हंगामात त्याच्या नावावर सगळी मिळून २ पेनल्टी मिनिटं होती. रोज समोरच्या संघाच्या सर्वांत खतरनाक माणसाला अडवायचं आणि हंगामभरात एकदाच पेनल्टी बॉक्समध्ये जायचं, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

पक बघणं

पक म्हणजे हॉकीतली रबरी चकती. फक्त तिच्याकडे बघणं ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती आपण सगळेच करतो, कारण कॅमेराही तेच करतो.

समजा समोरच्या संघाने मधली रेषा ओलांडून पक आपल्या कोपऱ्यात ढकलला. आपला डी वळतो आणि गोलाकडे तोंड करून मागे पळतो. त्याच्या मागे दोन ढांगांवर एक फोरचेकर (पक हिसकावायला धावून येणारा समोरचा फॉरवर्ड) सुटलेला आहे. पक भिंतीला लागून थांबतोय. टीव्हीवर आता आपण पककडे बघतो. बघायला हवी ती पोराची मान. पकपर्यंत पोचायच्या आत ती किती वेळा मागे वळली?

मुरलेला डी निदान दोनदा बघतो. पहिल्या नजरेत: किती जण येतायत, कुठल्या खांद्यावरून? दुसऱ्या नजरेत: त्याने बाजू बदलली का, आणि माझा जोडीदार कुठे आहे? मग पकला काठी लागण्याआधीच निर्णय झालेला असतो. एका बाजूला खांद्याची हूल, दुसऱ्या बाजूने गोलामागून जोडीदाराला पास, आणि फोरचेकर रिकाम्या भिंतीवर आदळतो. हे इतकं सहज होतं की टाळ्या कुणीच वाजवत नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा एकदाच बघतो किंवा बघतच नाही. मग घाबरून पक काचेवर आपटत बाहेर काढतो. बाहेर गेला तर ठीक, नाही तर ब्लू लाइनवर (आपल्या झोनच्या सीमेवर) समोरच्याच्या काठीवर, आणि पुढची चाळीस सेकंदं आपण आपल्याच झोनमध्ये अडकलेले.

दुसरी बघण्याजोगी गोष्ट म्हणजे अंतर. समोरून वेगात येणारा फॉरवर्ड आणि मागे-मागे स्केटिंग करणारा डी यांच्यात फार जागा राहिली तर फटका येतो, फार कमी राहिली तर तो बगल देऊन निघून जातो. कबड्डी बघितलेल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. कच्चा कोपरारक्षक चढाई करणाऱ्याच्या पहिल्या हुलकावणीलाच झेपावतो आणि गुण देऊन बसतो. पक्का कोपरारक्षक थांबतो, त्याला आत येऊ देतो आणि तोल गेला की घोटा धरतो. तो थांबणं शिकतो ते असंख्य वेळा फसल्यावर. फरक एवढाच, की कबड्डीत फसल्यावर एक गुण जातो. हॉकीत गोल जातो, आणि तो तुमच्या नावाने टीव्हीवर चार वेळा परत दाखवतात.

म्हणून शक्य झालं तर वरच्या रांगेचं तिकीट काढा, गोलाच्या मागच्या बाजूचं. टोरंटोत मार्लिसचे सामने कोकाकोला कोलिझियमला होतात; हा एएचएलमधला, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमधला संघ. तिथे एकच तरुण डी निवडा आणि पक कुठेही असो, दोन-तीन शिफ्ट (बर्फावरच्या पाळ्या) फक्त त्यालाच बघा. पहिल्या दिवशी कंटाळा येईल.

एएचएलला शिक्षा समजणं

“अजून खालीच आहे” हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की त्याची जपमाळ होईल. डंकन कीथ २००२ मध्ये ५४ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि नंतर दोन पूर्ण हंगाम एएचएलच्या नॉरफोक ॲडमिरल्सकडून खेळला. शिकागोच्या संघात तो आला २००५ मध्ये. पुढे तीन स्टॅन्ली कप, आणि २०१० आणि २०१४ ची नॉरिस ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम डिफेन्समनचा मान. मार्क जिओर्डानो तर ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नव्हता. टोरंटोचा हा पोरगा मध्ये एक हंगाम मॉस्कोत खेळून आला, मग कॅल्गरीचा कप्तान झाला, आणि त्याला नॉरिस मिळाली ती २०१९ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी.

सामन्यात सहा डी उतरतात, सातवा सूट घालून वर प्रेस बॉक्समध्ये पॉपकॉर्न खातो. तुमच्या लाडक्या पोराने तो सातवा व्हावं असं वाटत असेल तर परत विचार करा. खाली त्याला रोज वीस-बावीस मिनिटं मिळतात, पेनल्टी किलपासून शेवटच्या मिनिटापर्यंत सगळं. वर सूटला इस्त्री.

वेव्हर्सचा नियम विसरणं

प्रशिक्षण शिबिरात पोरगा तिशीतल्या डीपेक्षा सरस खेळला आणि तरीही त्यालाच खाली धाडलं, की चाहते प्रशिक्षकाला शिव्या घालतात. बऱ्याचदा कारण कागदावर असतं. लहान वयात करार केलेल्या खेळाडूला सुरुवातीची काही वर्षं, किंवा ठरावीक सामने होईपर्यंत, वेव्हर्सशिवाय खाली पाठवता येतं. तिशीतल्याला पाठवायचं तर आधी तो वेव्हर्सवर टाकावा लागतो आणि बाकीच्या ३१ संघांपैकी कुणीही त्याला फुकट उचलू शकतो. मग व्यवस्थापक कुणाला पाठवेल? पोराची ही सूट संपली की तेच गणित उलटं फिरतं. गेल्या वर्षी ‘तयार नसलेला’ पोरगा ऑक्टोबरात अचानक संघात दिसतो. उन्हाळ्यात त्याने कुठली जादू शिकलेली नसते.

थोडक्यात आटोपता येतील अशा दोन

वजन वाढवायची घाई नको. एका उन्हाळ्यात सात-आठ किलो चढवलेला पोरगा भिंतीपाशी भारी पडतो, पण मागे वळताना अर्धी ढांग उशीर करतो, आणि डीचं निम्मं आयुष्य मागे वळण्यात जातं. आणि खेळ अचानक बिघडला तर आधी जोडीदार आणि बाजू बघा. डाव्या हाताचा डी उजवीकडे टाकला की भिंतीवरचा पक त्याला बॅकहँडवर घ्यावा लागतो. तेव्हा तो मूर्ख दिसतो, असतोच असं नाही.

आता माझ्या घरचं. मुलगा तेरा वर्षांचा होता तेव्हा मी फोनमध्ये त्याचे प्लस-मायनस (तो बर्फावर असताना आपण केलेले आणि खाल्लेले गोल) लिहून ठेवायचो आणि गाडीत वाचून दाखवायचो. एक दिवस त्याच्या प्रशिक्षकाने माझ्या हातात पेन्सिल आणि पाकिटाची पाठ दिली. म्हणाला, मागे पळताना हा किती वेळा मान वळवतो तेवढंच लिही, बाकी काही नको. नोव्हेंबरातल्या त्या सामन्यात पोरगा बावीस वेळा कोपऱ्यात पळाला आणि मान वळली चार वेळा. मार्चमध्ये एकोणीस वेळा पळाला, मान वळली तेरा वेळा. हंगामात गोल शून्य. परतताना मी तेरा म्हटलं, तर मागच्या सीटवरून उत्तर आलं, “चौदा. एक तुम्ही चहा ओतत होतात तेव्हा.”