शेतात रॉकेटचा तुकडा पडला तर: दावा कोणावर, कसा?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आकाशातून पडलं. चिनी रॉकेटचा भाग असावा, असा खगोल अभ्यासकांचा अंदाज होता. उद्या असं कडं कुणाच्या गोठ्यावर पडलं, तर भरपाई कोण देणार? तुकड्यावर कंपनीचं नाव असलं तरी जबाबदारी देशाची. १९६७ च्या अंतराळ कराराचं सहावं कलम खासगी कंपन्यांच्या कामाचीही जबाबदारी त्यांच्या देशावर टाकतं. म्हणून पुढची सगळी खटपट एका देशाचं नाव पक्कं करण्यासाठी.

आधी लांब राहा. गोल टाकी असेल तर विशेषच, कारण आत हायड्रॅझिन हे इंधन उरलेलं असू शकतं. ते विषारी असतं आणि त्याला अमोनियासारखा वास येतो. पण वास घेऊन खात्री करायला जाऊ नका. वारा तुकड्याकडून आपल्याकडे येत असेल तर बाजू बदला, ११२ ला फोन करा आणि पोलीस पाटलांना कळवा. भंगारात विकायचा विचार तर नकोच. अंतराळातून पडला म्हणून तुकड्याची मालकी बदलत नाही. मूळ देशाने मागितला तर तो परत करावा लागतो. त्याचा खर्च आणि विषारी भागाची विल्हेवाट त्याच देशाच्या माथी, हे अंतराळातून पडलेल्या वस्तू परत करण्याबाबतच्या १९६८ च्या करारात आहे.

मग पंचनामा. दावा कच्चा पडू शकतो तो इथेच. लांबूनच झूम करून फोटो काढा. तुकडा उचलायला आलेल्या सरकारी पथकाला मोजपट्टी ठेवून जवळचे फोटो घ्यायला सांगा: कोरलेले क्रमांक, अक्षरं, वेल्डिंगच्या रेषा. उजेडाची रेघ कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेली आणि किती वाजता, हे वेगवेगळ्या साक्षीदारांकडून लिहून घ्या. सीसीटीव्हीचं चित्रीकरण पुसलं जाण्याआधी जपा. ‘रात्री आठच्या सुमारास’ असं मोघम लिहू नका. कक्षेतली वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर जाते, त्यामुळे मिनिटाच्या चुकीने साडेचारशे किलोमीटरचा फरक पडतो. सोबत सातबारा, पशुवैद्यकाचा दाखला, दवाखान्याची बिलं.

ओळख पटवणं तज्ज्ञांचं काम. वेळ आणि दिशा त्या दिवशी खाली येणार असलेल्या वस्तूंच्या मार्गाशी जुळवली जाते. संयुक्त राष्ट्रांची नोंदवही पाहिली जाते, पण तेवढ्यावर विसंबू नये. उपग्रहाची नोंद सापडते, त्याला वर नेणाऱ्या रॉकेटच्या टप्प्याची पुष्कळदा नसते.

आता देश. १९७२ च्या दायित्व करारानुसार ‘प्रक्षेपक देश’ चार प्रकारे ठरतो: ज्याने सोडलं, ज्याने सोडवून घेतलं, ज्याच्या भूमीवरून सुटलं, ज्याच्या तळावरून सुटलं. एकाच वस्तूचे दोन-तीन प्रक्षेपक देश निघू शकतात, आणि दावा त्यांपैकी कुणाही एकावर करता येतो. उपग्रह पुढे दुसऱ्या देशातल्या कंपनीला विकला तरी मूळ देश सुटत नाही. कक्षेतच उपग्रह विकले-घेतले जाण्याच्या काळात हा मुद्दा वरचेवर येणार.

जमिनीवरच्या नुकसानीसाठी चूक सिद्ध करावी लागत नाही, पण या करारानुसारचा दावा शेतकरी स्वतः करू शकत नाही. अर्ज तहसीलदार, जिल्हाधिकारी असा वर चढतो आणि परराष्ट्र मंत्रालय तो राजनैतिक मार्गाने मांडतं. मुदत एक वर्ष: नुकसानीच्या तारखेपासून, किंवा जबाबदार देश कळल्यापासून. वर्षभरात तोडगा निघाला नाही तर तीन सदस्यांचा आयोग मागता येतो, पण दोन्ही देशांनी आधी मान्य केलं नसेल तर त्याचा निर्णय केवळ शिफारस ठरतो. रकमेबाबत फार आशा धरू नका. १९७८ मध्ये कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह अणुभट्टीसह कॅनडावर कोसळला. मागणी साठ लाख कॅनेडियन डॉलरहून अधिक होती, १९८१ मध्ये पदरात पडले तीस लाख.

शेवटची अडचण मोठी. प्रक्षेपक देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागूच होत नाही. २०२४ मध्ये अंतराळ स्थानकावरून टाकलेल्या सामानाचा तुकडा फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर फोडून आत आला, तेव्हा त्या कुटुंबाने थेट नासाकडे दावा दाखल केला. श्रीहरिकोटाहून सुटलेल्या रॉकेटचा तुकडा आपल्या शेतात पडला तर पंचनामा असाच करायचा, फक्त अर्ज परराष्ट्र मंत्रालयाऐवजी आपल्याच सरकारकडे भरपाईसाठी जाईल, आणि तिथे भागलं नाही तर दिवाणी न्यायालयात.