व्हॉइस-ओव्हरच्या डेमोवर उपयोगी अभिप्राय कसा मिळवावा

डेमो, म्हणजे काम मिळवण्यासाठी पाठवायचा आपल्या आवाजाचा नमुना, तयार झाला की आपण तो ओळखीच्या दहा जणांना पाठवतो आणि खाली लिहितो, "ऐकून सांगा ना, कसा वाटला?" तासाभरात उत्तरं येतात. "मस्त!", "काय गोड आवाज आहे!", "रेडिओवर शोभेल." ही माणसं खोटं बोलत नसतात. प्रश्नच असा असतो की जिव्हाळ्याच्या माणसाला दुसरं काही म्हणणं जड जातं. आपल्याला बरं वाटतं, पण नेमकं काय बदलायचं ते कळत नाही, आणि तोच डेमो पुढे निर्मात्यांकडे जाऊन उत्तराविना पडून राहतो.

इतक्या वर्षांत मला उपयोगी पडलेली गोष्ट एकच. "आवडला का" हे विचारायचं सोडून "लक्ष कुठे सुटलं" हे विचारायचं. आवडीनिवडीला अंत नाही, पण लक्ष सुटलेला सेकंद दाखवता येतो, आणि जे दाखवता येतं ते दुरुस्त करता येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका प्रश्नासाठी आहेत.

१. आधी स्वतः ऐका, पण दोन दिवसांनी

रेकॉर्डिंग संपल्या संपल्या ऐकलं तर कानात अजून मनातलाच आवाज घुमत असतो. दोन दिवस फाइल उघडू नका.

स्वतःचा आवाज ऐकताना अनेकांना कसंसंच होतं. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून येणाऱ्या आवाजात खालचे सूर जास्त असतात. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. फिलिप होल्झमन आणि क्लाइड राउसी या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये या अस्वस्थतेचा अभ्यास केला होता. तेव्हा "माझा आवाजच वाईट आहे" हा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका. जगाला तुमचा आवाज नेहमी असाच ऐकू येत आला आहे.

डेमो किमान दोन साधनांवर ऐका. एकदा कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर: श्वासाचे आवाज, जिभेचे चटचट आवाज, मागची घरघर, तुकडा कापल्याची जागा. एकदा फोनच्या स्पीकरवर: फोनचा छोटा स्पीकर खालचे सूर जवळजवळ देतच नाही, त्यामुळे हेडफोनवर भरदार वाटलेला आवाज इथे उघडा पडतो आणि संगीताखाली दबलेले शब्दही लगेच कळतात. हाताशी कागद ठेवा आणि खटकेल तिथला सेकंद लिहा.

तांत्रिक दोष दुसऱ्या कुणाला ऐकवण्याआधीच काढा. खोलीचा घुमारा असेल किंवा 'प', 'फ', 'ब', 'भ' म्हणताना माइकवर वाऱ्याचा धक्का बसत असेल तर ऐकणारा तिथेच अडकतो आणि तुमच्या निवेदनाबद्दल काही सांगूच शकत नाही. धक्क्यासाठी पॉप फिल्टर (माइकसमोरची जाळी) लावा आणि माइक तोंडासमोरून किंचित बाजूला घ्या. 'स' आणि 'श' टोचत असतील तरी माइक बाजूला घेण्याचा उपाय आधी करून पाहा. घुमारा सॉफ्टवेअरने कमी करता येतो, पण त्यात आवाजाचा पोत बिघडू शकतो. रजया, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट यांच्या सोबतीने पुन्हा रेकॉर्ड करणंच बरं.

मोजमाप हवं असेल तर ऑडिओबुकं स्वीकारणाऱ्या एसीएक्स या मंचाचे निकष उपयोगी आहेत: शांततेतला खरखराट उणे ६० डेसिबलच्या खाली, सर्वांत उंच टोक उणे ३ डेसिबलच्या खाली, आणि सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान. जाहिरातीच्या डेमोत संगीत असतं, त्यामुळे सरासरीचा आकडा तिथे जसाच्या तसा लावू नका. पण संगीत चढवण्याआधीच्या कोऱ्या आवाजावर खरखराटाची चाचणी जरूर करा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती होते.

२. डेमो कशाचा आहे ते एका वाक्यात लिहा

"हा जाहिरातींचा डेमो आहे, बोलका, मैत्रीच्या सुरातला." असं एक वाक्य लिहिता येत नसेल तर अभिप्राय मागायची वेळ आलेली नाही. जाहिरात, माहितीपट, ई-लर्निंग, ऑडिओबुक, कार्टूनमधली पात्रं या सगळ्यांची खिचडी एका फाइलमध्ये असेल, तर प्रत्येक ऐकणारा वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलेल. जाहिरातीचा डेमो साधारण ६० सेकंदांचा, फार तर ९० सेकंदांचा, आणि त्यात ८ ते १५ सेकंदांचे पाच-सहा तुकडे, हा सर्वसाधारण रिवाज आहे. सर्वांत चांगला तुकडा सुरुवातीला. निवड करणारी माणसं एका बैठकीत कित्येक डेमो ऐकतात, शेवटपर्यंत थांबतीलच असं नाही.

३. कान निवडा

चार प्रकारचे कान हवेत, आणि चौघांना वेगवेगळं विचारायचं.

पहिला कान सामान्य ऐकणाऱ्याचा. या क्षेत्राशी संबंध नसलेला, शक्यतो तुमच्यावर फार जीव नसलेला माणूस: शेजाऱ्यांचे पाहुणे, सहकाऱ्याचा भाऊ. अर्थ पोचला की नाही हे त्याच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. माझ्या एका माहितीपटाच्या तुकड्याबद्दल एका आजींनी म्हटलं होतं, "तू सभेत बोलतोयस. मी तर इथे एकटी बसलेय." त्याआधी तीन व्हॉइस आर्टिस्टनी तोच तुकडा ऐकून माझ्या आवाजाची फेक वाखाणली होती. बरोबर आजी होत्या. पुढच्या वेळी मी माइकसमोर एकाच माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बोललो आणि तुकडा बदलून गेला.

दुसरा कान दुसऱ्या व्हॉइस आर्टिस्टचा. वाचन कुठे 'वाचल्यासारखं' झालं, श्वास चुकीच्या जागी कुठे घेतला, सगळ्या तुकड्यांत एकच चाल कुठे लागली हे त्याला पटकन कळतं. मात्र तो नकळत स्वतः कसं बोलला असता ते सांगू लागतो, तेवढं बाजूला ठेवायचं.

तिसरा ध्वनिमुद्रकाचा. त्याला फक्त आवाजाचा दर्जा आणि आवाज-संगीताचं मिश्रण याबद्दल विचारा.

चौथा कान काम देणाऱ्याचा किंवा शिकवणाऱ्याचा. याची वेळ सर्वांत शेवटी. पहिला, कच्चा डेमो त्याला पाठवू नका. त्याच्या मनात तुमची पहिली ओळख त्याच डेमोची राहते. पैसे देऊन प्रशिक्षकाकडून परीक्षण करून घ्यायलाही हरकत नाही. पण परीक्षण करता करताच जो महागडा डेमो बनवून देण्याची आणि कामाची हमी देऊ लागतो, त्याच्यापासून दूर राहा. उलट एखादा अनुभवी माणूस "अजून डेमोची वेळ आली नाही, सहा महिने वाचनाचा सराव कर" म्हणाला तर त्याचं ऐका. तसं सांगून त्याला स्वतःला काहीच मिळणार नसतं.

४. प्रश्न लिहून द्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. डेमो एकदा, मध्ये न थांबता ऐकायला सांगा. त्याआधी काहीही समजावून सांगू नका. "दुसऱ्या तुकड्यात मी जरा भावुक झालोय" असं आधीच म्हणालात की ऐकणारा तिथे भावना शोधणार, आणि त्याला ती सापडणारच.

सामान्य ऐकणाऱ्याला हे विचारा: पहिल्या तुकड्यात कोण बोलत होतं आणि कुणाशी? काय विकत होतं किंवा काय सांगत होतं? तुमच्या मनात दुसराच विचार कुठे आला? एखादा शब्द नीट लागला नाही असं झालं का? ऐकून झाल्यावर कोणतं वाक्य आठवतंय?

शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. एकही वाक्य आठवत नसेल तर आवाज कानावरून घसरून गेला, मग तो कितीही गोड असो. आणि तुकड्यातलं भलतंच वाक्य आठवत असेल तर जोर चुकीच्या जागी पडला.

जाणकाराला तुकड्यागणिक विचारा: हे तुकडे एकाच माणसाचे पण पाच वेगळ्या प्रसंगांतले वाटतात, की एकच सूर पाचदा ऐकू येतो? एक तुकडा काढायचा झाला तर कोणता? या प्रश्नाला "सगळेच चांगले" असं उत्तर देता येत नाही, म्हणून तो मी कधीच गाळत नाही.

मराठीतल्या डेमोसाठी दोन प्रश्न वेगळे हवेत. पहिला उच्चारांचा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतला 'ज' वेगळा. 'चमचा' आणि 'चहा' यांतला 'च' वेगळा. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' हे वेगात एकमेकांत मिसळतात. आपल्या तोंडात बसलेलं आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून हे दुसऱ्यानेच तपासावं. दुसरा प्रश्न वाक्याच्या शेवटाचा. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, आणि 'आहे' की 'नाही' हेही तिथेच ठरतं. वाक्य संपता संपता श्वास संपला आणि सूर खाली गेला, तर नेमका अर्थ सांगणारा शब्दच गिळला जातो. "कोणत्या वाक्यांचा शेवट ऐकू आला नाही?" असं थेट विचारा.

प्रत्येकाला सेकंद लिहायला सांगा. "मध्ये जरा संथ वाटलं" याचं काही करता येत नाही. "०:३४ ला लक्ष गेलं" याचं करता येतं.

५. फाइल पाठवताना

मोबाइलसमोर स्पीकर धरून व्हॉइस नोट पाठवू नका, आवाजाचा दर्जा तिथेच जातो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या. १९२ केबीपीएसची एमपी३ पुरेशी आहे. ध्वनिमुद्रकाला मात्र वेव्ह फाइल द्या, आणि संगीताशिवायचा कोरा आवाजही.

लिंक उघडी ठेवू नका, ज्यांना पाठवायची त्यांनाच द्या. २०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या ३ सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारी प्रणाली मांडली. आवाज हेच ज्याचं भांडवल, त्याने कोऱ्या, स्वच्छ रेकॉर्डिंगबाबत सावध असलेलं चांगलं. "मोफत आवाज-चाचणी" देणाऱ्या अनोळखी ॲपच्या अटी वाचल्याशिवाय तिथे काही चढवू नका.

अनुभवी माणसाला लिहिताना निरोप चार ओळींचा असावा: तुम्ही कोण, डेमो कशाचा आणि किती सेकंदांचा, एकच प्रश्न, आणि वेळ नसेल तर उत्तर न देण्याची मोकळीक. त्याच निरोपात काम मागू नका.

६. उत्तर ऐकताना गप्प बसा

"ते मुद्दाम तसं केलं होतं", "त्या दिवशी घसा बसला होता" हे शब्द ओठांवर येतात. ते बोललात की समोरचा सावरून घेतो आणि पुढचं खरं सांगणं थांबवतो. लिहून घ्या, "आणखी काही?" एवढं विचारा. समोर बसून ऐकवत असाल तर त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. हात फोनकडे गेला तो सेकंद तुमच्या कागदावर यायला हवा, तो स्वतः त्याबद्दल काही बोलो न बोलो.

७. उत्तरं चाळून घ्या

एक दिवस जाऊ द्या. मग सगळ्यांचे सेकंद एका कागदावर मांडा. तीन अनोळखी माणसं एकाच सेकंदाला अडखळली असतील तर तिथे दोष आहे, मग तिघांनी कारणं वेगवेगळी दिलेली का असेनात. एक म्हणेल संगीत मोठं आहे, दुसरा म्हणेल बोलणं घाईचं आहे, तिसऱ्याला शब्दच अवघड वाटेल. कुठे खुपतं ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं, उपाय मात्र तुम्हाला शोधावा लागतो. कित्येकदा तिथे स्क्रिप्टचं वाक्यच लांबलेलं असतं, आवाजाचा काही दोष नसतो.

एकाच माणसाला खटकलेलं, तेही चवीबद्दलचं ("मला असा जड आवाज आवडत नाही"), तसंच राहू द्या. अपवाद उच्चाराचा. एकानेच दाखवलेला चुकीचा उच्चारही शब्दकोशात पाहून दुरुस्त करा.

८. नवा टेक (नवं रेकॉर्डिंग), जुन्याशेजारी

एका वेळी एकच गोष्ट बदला. मग जुना आणि नवा तुकडा 'अ' आणि 'ब' अशा नावांनी, कोणता नवा ते न सांगता नव्या माणसाला ऐकवा. दोन्हींची पातळी सारखी करायला विसरू नका. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज मोठा केला की खालचे आणि अगदी वरचे सूर कानाला तुलनेने जास्त भरून येतात. त्यामुळे जो तुकडा जरासा मोठा वाजतो तोच सरस वाटतो, आणि तुमची चाचणी फुकट जाते.

पहिल्या फेरीतल्या लोकांना पुन्हा पूर्ण डेमो ऐकवू नका. त्यांना वाक्यं पाठ झालेली असतात, गिळलेला शब्दही त्यांना आता ऐकू येईल. ज्यांनी सेकंद लिहून दिले होते, त्यांना आभाराच्या दोन ओळींसोबत तेवढाच बदललेला तुकडा पाठवा: "तुम्ही ०:३४ म्हणाला होतात, तो आता असा झाला आहे."