पेटंटवाल्या स्कॅनिंग कंपनीचा सातबारा कसा वाचायचा

गेल्या दोन महिन्यांत गावातल्या तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला, की मोबाईलनं बारकोड स्कॅन करायच्या टेक्नॉलॉजीचं पेटंट असलेली एक कंपनी आहे, शेअर अगदी स्वस्तात मिळतोय, घेऊन ठेवू का. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून झालं म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतो. घ्या का नको ते तुमचं तुम्ही ठरवा, पण अशा कंपनीवर लक्ष ठेवायचं असेल तर काय वाचायचं, कुठे आणि कुठल्या क्रमानं, तेवढं सांगतो. आपल्या कोकणातल्या माणसाला यातलं बरंच जमतं, कारण सातबारा वाचायची सवय आपल्याला लहानपणापासून असते आणि इथे लागते तीच सवय.

आकर्षण का वाटतं ते मला कळतं. देवगडच्या मासळी बाजारात बांगड्याच्या वाट्याशेजारी क्यूआरचा बोर्ड उभा असतो, पाणी उडून कोपरे पांढरे पडलेत तरी स्कॅन होतो, आणि मनात येतंच की या प्रत्येक स्कॅनमागे कुणाला तरी दोन पैसे मिळत असतील तर त्या कंपनीचं केवढं होईल. पहिली चूक इथेच होते. क्यूआर कोड जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ साली तयार झाला, त्याचं पेटंट त्यांच्याकडे होतं, पण स्टँडर्डप्रमाणे वापरणाऱ्यांकडून हक्काचे पैसे घ्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं आणि म्हणूनच तो एवढा पसरला. मग बाकीच्या कंपन्यांकडे कसलं पेटंट असतं? तर कोड वाचल्यावर पुढे काय होतं त्याचं. फोननं कोड टिपला, त्यातला नंबर सर्व्हरकडे गेला, सर्व्हरनं कुठली माहिती उघडायची ते सांगितलं, या पद्धतीचं. म्हणजे कोड एकाचा आणि त्यावरून जाणारी वाट दुसऱ्याची.

अभ्यासाला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली नियोमीडिया टेक्नॉलॉजीज. हिच्याकडे अशाच वाटेची पेटंट होती आणि हजारो छोटे गुंतवणूकदार वर्षानुवर्षं आशेनं धरून बसले होते. तिची जुनी कागदपत्रं आजही फुकट बघता येतात, नवीन कंपनीत पैसे घालायच्या आधी ही एक वाचून काढा, शाळा होते.

आता पहिलं काम, पेटंटचा नंबर काढा. कंपनी म्हणते 'आमच्याकडे पेटंट आहे', ते नुसतं ऐकायचं नाही, नंबर पाहिजे. गूगल पेटंट्सवर टाकलात की कागद समोर येतो. नंबरच्या शेवटी अक्षर असतं ते बघा. २००१ पासूनच्या अमेरिकन कागदावर ए१ असेल तर तो फक्त प्रसिद्ध झालेला अर्ज आहे, बी१ किंवा बी२ असेल तरच पेटंट मंजूर झालेलं. मी स्वतः इथेच मार खाल्लाय. आपल्याकडची एक छोटी लिस्टेड कंपनी होती, नाव नाही घेत, तिनं जाहीर केलं की स्कॅनिंगचं पेटंट 'पब्लिश' झालं, मी ते मिळालं असं समजलो आणि आंब्याच्या पट्टीचे आलेले पैसे त्यात टाकले. आपल्याकडे कुठलाही अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, त्यात परीक्षा पास झाल्याचा काही संबंध नाही. परीक्षा नंतर असते, पहिला तपासणी अहवाल येतो, हरकती येतात, त्यांना उत्तरं द्यावी लागतात. शिवाय भारतात पेटंट कायद्याचं कलम ३(के) आहे, नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरवाल्यांची तिथे बरीच अडवणूक होते. मोहोर फांदी वाकेपर्यंत आला तरी आपण कुणाकडून पेट्यांचा अॅडव्हान्स घेत नाही ना, मग अर्ज प्रसिद्ध झाला म्हणून शेअर कशाला घ्यायचा. मी घेतला होता, बरेच पैसे गेले.

पेटंट मंजूर आहे ना, मग त्यातले क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे ते सांगणारी वाक्यं, वाचा. ही हद्द. सुरुवातीची चित्रं आणि वर्णन म्हणजे बागेची वाखाणणी, गडगा कुठून कुठे गेलाय ते शेवटी क्लेममध्ये असतं. क्लेम नंबर १ घ्या, कागदावर हातानं लिहून काढा आणि प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर मांडा. समजा त्यात पाच पायऱ्या आहेत, तर दुसऱ्या कंपनीनं त्या पाचही केल्या तरच हद्दीत घुसखोरी, चार केल्या आणि पाचवी टाळली तर बहुतेक वेळा ती गडग्याच्या पलीकडेच राहते. क्लेम जेवढा लांबलचक तेवढी जमीन कमी, हे सुरुवातीला उलटं वाटतं पण असंच आहे. एका रात्री दीड तास लागेल याला, पण या दीड तासात जे समजतं ते कुठल्याही टिप देणाऱ्याला सांगता येणार नाही.

मग मुदत. पेटंट साधारणपणे पहिला मूळ अर्ज केल्यापासून २० वर्षं चालतं, मंजुरीच्या तारखेपासून नाही. नियोमीडियाच्या मुख्य पेटंटांची मुळं ऑक्टोबर १९९५ च्या अर्जात होती, म्हणजे हिशोब ऑक्टोबर २०१५ ला संपतो. आता आपल्याकडचं आठवा, यूपीआय आलं २०१६ ला, भारत क्यूआर २०१७ ला, आयफोनच्या कॅमेऱ्यातच क्यूआर वाचायची सोय झाली तीही २०१७ मध्येच. लोकांना खरी सवय लागली तोपर्यंत हक्काची मुदत सरलेली होती. कल्पना बरोबर होती, फक्त हंगामाच्या फार आधी आली, आणि तिला पेटीत भरून ठेवायची सोय नसते. आणखी एक, अमेरिकेतलं पेटंट अमेरिकेपुरतं, देवगडच्या बाजारात त्याचा हक्क चालत नाही, त्यासाठी भारतात वेगळं पेटंट लागतं. आणि अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरावी लागते, ती चुकली तर पेटंट मुदतीआधीच जातं, गूगल पेटंट्सवर साधारण स्थिती दिसते, पक्कं बघायचं तर अमेरिकन पेटंट ऑफिसच्या साईटवर.

मालक कोण तेही तिथेच बघायचं, असाइनमेंट सर्च नावाचा भाग आहे. हे अगदी फेरफारासारखं आहे, कुणाकडून कुणाकडे गेलं ते ओळीनं दिसतं. यात 'सिक्युरिटी इंटरेस्ट' हे शब्द शोधा. म्हणजे इतर हक्कातला बोजा. नियोमीडियाला वर्षानुवर्षं पैसे पुरवणारा एक मोठा फंड होता, वायए ग्लोबल, आणि त्याच्या कर्जापोटी कंपनीची मालमत्ता तारण होती, पेटंटसकट. शेअरहोल्डर म्हणत होते आमची पेटंट, पण पहिला हक्क सावकाराचा.

आता येतो तो भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि बहुतेक जण तो वाचतच नाहीत, तो म्हणजे खातेदार किती. आपल्याकडे एका सातबारावर पणजोबांचं एक नाव असतं, आज त्याच गटावर चाळीस नावं, कलमं तेवढीच. शेअरची संख्या वाढते तेव्हा तेच होतं. अमेरिकन कंपनी असेल तर एसईसीच्या, म्हणजे तिथल्या शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एडगर या साईटवर जा, फुकट आहे, तिमाहीच्या कागदाला टेन-क्यू म्हणतात, वर्षाच्या कागदाला टेन-के. पहिल्याच पानावर खाली लिहिलेलं असतं की अमुक तारखेला इतके शेअर बाहेर आहेत. मागच्या आठ तिमाहींचे हे आकडे वहीत एकाखाली एक लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. आकडा चढत असेल तर का चढतोय ते शोधा.

बहुतेक वेळा उत्तर असतं कन्व्हर्टिबल डिबेंचर, म्हणजे शेअरमध्ये फिरवता येणारं कर्ज. साधं गणित करून बघू. सावकारानं १ लाख डॉलर दिले आणि बाजारभावानं शेअर घ्यायची मुभा ठेवली. भाव १० सेंट असेल तर त्याला १० लाख शेअर मिळतात. भाव १ सेंटला आला तर त्याच पैशात १ कोटी. तो ते बाजारात विकतो, भाव अजून पडतो, पुढच्या वेळी अजून जास्त शेअर मिळतात. बहुतेक करारात वर बाजारभावापेक्षा सूट पण असते. नियोमीडियानं २०१० साली १०० शेअरचा १ केला, आणि तरी पुढे काही वर्षांत संख्या परत अब्जांत गेली. ज्यांनी सुरुवातीला घेऊन श्रद्धेनं धरून ठेवला त्यांचं वाईट वाटतं मला, कारण त्यांना टेक्नॉलॉजी बरोबर कळली होती, फक्त हे एक पान त्यांनी उलटून बघितलं नाही.

याच कर्जामुळे अजून एक फसगत होते. कधी कधी अशी कंपनी अचानक प्रचंड नफा दाखवते, लोक उड्या मारतात. कागदात 'डेरिव्हेटिव्ह' शब्द शोधा. शेअरचा भाव पडला की त्या कर्जातल्या हक्काची किंमत हिशोबात कमी होते आणि तो फरक फायदा म्हणून दिसतो, हातात दमडी येत नाही. म्हणून नफ्याची ओळ सोडा आणि कॅश फ्लोच्या तक्त्यात धंद्यातून पैसे आले का गेले तेवढं बघा. 'गोइंग कन्सर्न' हे दोन शब्दही शोधा, कंपनी पुढचं वर्षभर तगेल का याबद्दल शंका असेल तर ती तिथे स्पष्ट लिहिलेली असते. इंग्रजी अवघड वाटलं तरी हे शब्द कंट्रोल एफ दाबून सापडतात, बारावीतल्या पोराला बसवलं तरी जमतं, आमच्या घरी पुतणी बसते माझ्याबरोबर.

भारतीय कंपनी असेल तर बीएसईच्या साईटवर शेअरहोल्डिंग पॅटर्न दर तिमाहीला येतो, तो बघा, आणि प्रेफरन्शियल वॉरंट, म्हणजे निवडक लोकांना पुढे शेअर घ्यायचा हक्क, दिलेत का ते. वॉरंटवाला २५ टक्के आधी भरतो आणि बाकीचे भरायला १८ महिने मिळतात, म्हणजे उद्याचे खातेदार आजच ठरलेले असतात.

कोर्टाच्या बातम्यांवर सगळ्यात जास्त गोंगाट होतो आणि तिथे धीर लागतो. केस दाखल केली म्हणजे जिंकली नाही. समोरचा बहुतेक वेळा पेटंटवरच उलटा हल्ला करतो. २०१२ पासून अमेरिकेत त्यासाठी पेटंट ऑफिसातच इंटर पार्टीज रिव्ह्यू आहे, म्हणजे हे पेटंट द्यायलाच नको होतं असा अर्ज करता येतो, साधारण सहा महिन्यांत तो ऐकायला घ्यायचा का नाही ते ठरतं आणि घेतला तर साधारण वर्षात निकाल. त्याआधीपासून पेटंट ऑफिसकडे पुनर्तपासणी मागायची सोय आहे, नियोमीडियाच्या पेटंटविरुद्ध ती २००७ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेनं मागितली होती. आणि अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अॅलिस निकालानंतर नुसती कल्पना कॉम्प्युटरवर चालवण्याची पेटंट अमेरिकेत टिकवणं कठीण झालं, त्यामुळे पेटंट त्याआधीचं असेल तर ते नंतर कोर्टात तपासलं गेलंय का बघा. बारकोडच्याच धंद्यातलं मोठं उदाहरण अमेरिकन संशोधक जेरोम लेमेलसन यांचं आहे, त्यांच्या पेटंटवर कंपन्यांनी शंभर कोटी डॉलरच्या वर लायसन्स फी भरली, आणि मग २००४ मध्ये नेवाडाच्या कोर्टानं सांगितलं की अर्ज इतकी वर्षं लांबवल्यामुळे ही पेटंट लागूच करता येत नाहीत. एवढा मोठा वाडासुद्धा असा बसू शकतो.

तडजोड झाली, लायसन्स दिलं अशी बातमी आली तर रक्कम लिहिली आहे का बघा. नसेल तर पुढच्या टेन-क्यूची वाट बघायची आणि उत्पन्नाच्या ओळीत फरक पडला का तपासायचं. खरोखर मोठा करार असेल तर चार कामकाजाच्या दिवसांत एडगरवर एट-के, म्हणजे महत्त्वाच्या घडामोडीचा कागद, भरावा लागतो, प्रेस नोट आहे आणि एट-के नाही असं असेल तर मी तरी हात आखडता घेतो. कागद तिकडच्या संध्याकाळी पडतात म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, त्यासाठी जागू नका, सकाळी चहाबरोबर बघितलं तरी चालतं.

प्रत्यक्ष घ्यायचाच असेल तर थोडं व्यवहाराचं. ओटीसीवरचे, म्हणजे मोठ्या एक्स्चेंजच्या बाहेर विकले जाणारे, असले शेअर आपल्याकडच्या बहुतेक अॅपवर मिळत नाहीत, कुणी 'मी मिळवून देतो, पैसे माझ्या खात्यात टाक' म्हणाला तर तिथेच थांबा. परदेशी शेअरसाठी पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली बँकेतूनच जातात, आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरावं लागतं, एक शेअर असला तरी, आणि तिथे हिशोब जानेवारी ते डिसेंबरचा असतो, आपल्या मार्चचा नाही. तुमच्या सीएला आठवण करून द्या, बरेच जण विसरतात.

माझी पद्धत साधी आहे. कंपनीला वहीचं एक पान, वर पेटंट नंबर आणि संपायची तारीख, मध्ये शेअरची संख्या, खाली हातात किती कॅश आणि तिमाहीला किती जळते. कॅशला जळण्यानं भागलं की किती तिमाही उरल्या ते कळतं, आणि दोनपेक्षा कमी उरल्या असतील तर नवीन शेअर निघणार असंच मी धरून चालतो. किती खाली आला किंवा शेअरची संख्या कितीवर गेली की विकायचं ते घेतानाच पेनानं लिहायचं. आणि कालनिर्णयवर चार तारखांना गोल करायचे, छोट्या कंपन्यांचे कागद बहुतेक याच सुमारास येतात: ३१ मार्च, १५ मे म्हणजे आंब्याच्या शेवटच्या पेट्या जात असतात तेव्हा, १४ ऑगस्ट म्हणजे होड्या परत पाण्यात उतरलेल्या असतात, आणि १४ नोव्हेंबर. तारीख उलटली आणि कागद आला नाही तर एडगरवर एनटी टेन-क्यू किंवा एनटी टेन-के नावाचा उशिराचा अर्ज पडलाय का बघा, त्यात उशिराचं कारण लिहिलेलं असतं, ते आधी वाचा आणि मगच फोन करा मला.