सोलापुरात फॅमिली डॉक्टर कसा निवडावा

आजारी पडल्यावर नव्हे, बरे असतानाच डॉक्टर शोधा. दवाखाना घराजवळ हवा. जुळे सोलापुरात राहून अशोक चौकातला डॉक्टर धरला, तर तापात तिथवर जाववत नाही.

आधी पाटी वाचा. पदवीसोबत नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवरही असायला हवा. एमबीबीएसची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) यांच्या नोंदणी परिषदा वेगळ्या.

मग बीपी तपासायच्या निमित्ताने एकदा जाऊन या. डॉक्टर चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी, घरातली शुगर विचारतात का? पट्टा बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर बांधतात का? चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा, किती दिवस हे वाचता येते का? आजीला तेलुगू किंवा कन्नडच येत असेल, तर ती भाषा समजणारा डॉक्टर बघाच. दुखणे नीट सांगता आले की निदान सोपे जाते.

प्रत्येक सर्दीला इंजेक्शन किंवा सलाईन लावणारा, नाव न सांगता पुडीतून गोळ्या देणारा डॉक्टर टाळा. अशा पुडीत स्टेरॉइड असले तर दोन दिवस बरे वाटते, पण शुगर वाढते, आजार झाकला जातो.

रात्री अडचण आली तर कुठे जायचे, हेही पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.